भाऊजींचं कुलूप

माझ्या चुलत दिरांइतका कुलपावर जीव असलेला माणूस अख्ख्या अहेरीत नसेल. सायकलला दोन, पाण्याच्या माठाच्या झाकणाला एक. एकदा तर गणपतीच्या प्रसादाच्या डब्याला कुलूप लावून किल्लीच हरवली. आरतीनंतर लोक डब्याचा वास घेऊन घरी गेले. पूर्वी त्यांचं टेलिफोन बूथ होतं. काचेच्या खोलीतलं सगळं बाहेर ऐकू यायचं. "वहिनी, लोकायचं रडणं ऐकून ऐकून माह्ये कान भरले," म्हणायचे. म्हणून नेटचं दुकान टाकल्यावर त्यांनी आवाजालाच कुलूप लावलं. नेटवरून बोलताना आवाजाची खिचडी करून पाठवायची, पलीकडच्या कॉम्प्युटरनं ती निवडून घ्यायची, अशी ती सोय. सेटिंगमध्ये तीन खुणा होत्या: कुलूप नको, जमलं तर लावा, लावल्याशिवाय जोडूच नका. भाऊजींनी तिसरी खूण सगळ्यांसाठी कायमची करून ठेवली. इकडे बोलणारा मात्र असा ओरडायचा, की रस्त्यापलीकडची मिरचीवालीच "हो, बोला" म्हणायची.

माझे यजमान तेव्हा मस्कतला होते. तिथून साधा फोन महाग, म्हणून दर बाजाराच्या दिवशी ते नेटवर येत. त्यांचा आवाज ऐकायला सासूबाई नवं लुगडं नेसून दुकानात बसत. घंटी वाजायची आणि फोन तुटायचा.

"लागला का फोन?" त्या विचारत.

"तिकडच्या मशीनले आपलं कुलूप समजून नाई राह्यलं, काकू," भाऊजी म्हणत.

"मंग काढ नं बाप्पा! माह्या पोराशी मी काय चोरीचं बोलतो?"

"एकासाठी काढलं त त्याले कुलूप कायले म्हणाचं? तिकडचंच बदलवाले सांगतो."

असे चार बाजार गेले. मी शेजारी उभी असायची. मला तोंड उघडून म्हणता आलं नाही, की भाऊजी, काढाच.

पाचव्या बाजाराच्या आधी सासूबाई झोपेतच गेल्या. महागड्या फोनवरून यजमानांना निरोप तेवढा गेला. बाजाराच्या दिवशी भाऊजींनी मला बोलावून घेतलं. 'कुलूप नको'च्या पहिल्या खुणेवर बोट दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटं घालून बसले.

फोन पहिल्याच घंटीला लागला. आवाज इतका स्वच्छ, जसे काही ते बाकावरच बसलेत.

"आई शेवटी काई म्हणत होती का वं?"

"लागला का फोन, म्हणत होत्या," मी म्हणाले.

माझा आवाज तसा शेजारच्यालाही ऐकू जात नाही. पण भाऊजींनी कानांतली बोटं आणखी घट्ट दाबली.