सईच्या शुगरवर सगळ्यांची नजर

दंडावरचा सेन्सर पंधरवड्याला बदलावा लागतो, किस्से मात्र चिकटलेलेच राहतात. एक सांगायला बसावं, तर मागून चार येतात.

आमची सई नऊ वर्षांची. टाइप वन डायबेटिस, म्हणजे तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, बाहेरून द्यावं लागतं. दंडावरचं ते रुपयाएवढं बटण साखरेचा आकडा आणि ती चढतेय की उतरतेय हे सांगणारा बाण मोबाइलवर पाठवत राहतं. साखर फार उतरली तर पोर चक्कर येऊन पडू शकते, म्हणून अलार्म, आणि लगेच पाजायला गोड ज्यूस. आकडा मला दिसतो, तिच्या बाबाला दिसतो आणि हट्टाने अ‍ॅप टाकून घेतलेल्या माझ्या काळेवाडीच्या नणंदबाईंनाही दिसतो. सईला मात्र एकच हवं होतं, शाळेच्या टीममधून खो-खो खेळायचं. ते कुठल्याच अ‍ॅपमध्ये दिसत नव्हतं.

*

तिचा बाबा, सचिन, चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे पार्ट बिघडला की पाच वेळा ‘का’ विचारून मूळ कारण शोधतात. एका रविवारी सईची साखर चढली आणि साहेबांनी घरीच चौकशी लावली.

“का वाढली?”

“पोहे जास्त खाल्ले.”

“का?”

“भूक लागली.”

“भूक का लागली?”

“खेळले.”

“का खेळलीस?”

“बाबा, मी नऊ वर्षांची आहे.”

पाचव्या ‘का’ची गरजच पडली नाही. मूळ कारण सापडलं, पण त्यावरचा उपाय कंपनीत कुणी शिकवलेला नाही.

*

सचिनला कंपनीत मशीनच्या लाइनवर मोबाइल न्यायची खास परवानगी आहे. गिऱ्हाईक कंपनीचा माणूस तपासणीला आलेला, ऐन त्या कस्टमर ऑडिटमध्ये तो ठणाणा वाजला. ऑपरेटरांना वाटलं, मशीनच बोंबललं. त्यांनी अख्खी लाइन थांबवली. सचिन घाम पुसत मला फोन करत होता, आणि इकडे सई ज्यूस पिऊन कार्टून बघत बसली होती.

ऑडिटरने शेरा मारला : अलार्मला प्रतिसाद उत्तम.

*

नणंदबाई मूळच्या गाववाल्या, बोलणं रोखठोक. त्यांनी काही दिवस आकडे बघितले आणि निदान केलं, “यंत्र लावल्यापासनंच पोरीची साखर वरखाली व्हतीया. काढून टाक ते, आपोआप गप बसंल.”

मी म्हटलं, “ताई, घड्याळ काढून ठेवलं तर वेळ थांबते का?”

“आमच्या घरात घड्याळ बंदच हाय. येळेवर जेवतोय न्हवं आमी?”

मी जेवायला वाढलं.

*

शाळेच्या मुख्याध्यापिका बोलायला फार गोड. “सई बेंचवर बसून टाळ्या वाजवेल ना. तोही सहभागच.”

मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. खेळू शकते, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.

“पण काहीच होणार नाही, असं कुठे लिहिलंय?”

“बाकीच्या मुलींचं तसं लिहून घेतलंय का मॅडम?”

शेवटी ठरलं, आईने मोबाइल आणि ज्यूस घेऊन मैदानाच्या कडेला बसायचं, तरच सई टीममध्ये. त्या दिवशी सईने घरभर उड्या मारल्या. मला मात्र रडू आलं.

*

मग मॅच. आमच्या मुली पकडायला आल्या आणि आकडा चढू लागला. चुरशीत थोडी चढते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ऐकतं कोण?

सचिनचा फोन, “चढतेय. का?”

नणंदबाईंचा फोन, “भाईर काढ आधी तिला.”

खेळाचे सर शिट्टी तोंडातून काढून माझ्याकडे धावत आले, “मॅडम, आकडा किती?”

मी एकाला समजावतेय, दुसरीला गप्प करतेय, सरांना स्क्रीन दाखवतेय. एवढ्यात मैदानावर मोठा आरडाओरडा झाला. मी घाबरून आधी आकडाच पाहिला.

डाव संपला. सई धापा टाकत, मातीने माखलेली, रेषेपाशी आली.

“आई, बघितलंस?”

“बघितलं ना. दोनशे तीस. बाण वर.”

ती माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली.

“आई, मी तिघींना बाद केलं.”