पिशवीतली लव

साखराबाईला राग यायला कारण लागत नाही, असं वडवणीतली माणसं म्हणतात. साफ खोटं. कारण लागतं, फक्त ते तिला लवकर सापडतं. त्या वर्षी होळीनंतर जे सापडलं ते मात्र कुणालाही सापडावं एवढं मोठं होतं.

ती विजयसिंहांच्या बंगल्यावर झाडलोट करायची आणि नवरा सटवा मेंढरं राखायचा. बंगल्यात नातवाच्या हट्टापायी एक पांढरा ससा आणलेला. नाव प्रिन्स. दिवाळीत त्याला मांडीवर घेऊन सगळ्या घरानं फोटो काढले. होळी झाली, ऊन तापलं आणि सशाची लव गळायला लागली. गळायला म्हणजे काय, हात लावला की मूठभर हातात! सोफ्यावर लव, पडद्यावर लव, विजयसिंहांच्या काळ्या जाकिटावर लव. साखराबाई दिवसातून तीनदा झाडायची. एकदा वैतागून बोलून गेली, "झाडून झाडून हात मोडायची येळ आली, बाई!"

झालं, तेवढंच निमित्त हवं होतं. दुसऱ्या दिवशी विजयसिंहांच्या पत्नी सत्यशीलाबाईंनी पुठ्ठ्याचा खोका तिच्या हातात ठेवला. "याला काहीतरी रोग लागलाय. तूही कंटाळलीस ना? जाताना माळावर सोडून दे. रानातला जीव, रानात जाईल."

रानातला जीव! जन्म पिंजऱ्यात गेला, हातानं भरवल्याशिवाय गाजर खात नाही, आणि माळावर कुत्री तर टपूनच बसलेली. साखराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? तिचंच वाक्य बाईंनी तिच्या तोंडावर मारलं होतं. खोका छातीशी धरून ती तणतणत घरी आली. वाटेत तिनं बाईंना शिव्या दिल्या, विजयसिंहांच्या जाकिटाला दिल्या आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेला दिल्या. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते प्रिन्स हे नाव पुसायचं. त्याला ती कापश्या म्हणू लागली.

सटवानं खोक्यात डोकावलं. "आगं, मेंढीची लव सुटली की आपण काय करतो? धुवायची, वाळवायची, कातरायची. त्यात काय एवढं?"

"हात लावू नका," म्हणून ती दुसऱ्या दिवशी कामाला गेली. पण चाळीस वर्षं मेंढरं ओढ्यात लोटून धुतलेल्या माणसाला कोण सांगणार? दुपारी ती परतली तेव्हा कापश्या बादलीतून नुकताच बाहेर काढलेला, कान गार पडलेले, अंग थडथड उडतंय, आणि सटवा शेजारी बसून कातरीला धार लावतोय.

"आवो, तुमचं डोकं फिरलं का!" ती एवढ्यांदा ओरडली की वाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली. "कावून भिजवला त्याला? एवढासा जीव त्यो! ठिवा ती कातर!"

"मला वाटलं, लवकर मोकळा हुईल..."

"मोकळाच करीत व्हता की जीवातनं!"

तिनं त्याला जुन्या घोंगड्यात पुसला आणि दिवस मावळेपर्यंत पोटाशी धरून बसली. अंग उबदार झालं, पण सकाळी कापश्यानं गाजराकडं बघितलंसुद्धा नाही. साखराबाईनं खोक्यातल्या लेंड्या उचलून बघितल्या. मेंढराची तब्येत लेंडीवरून ओळखण्यात तिची हयात गेलेली. या लेंड्या बारीक, वाळक्या आणि केसात ओवलेल्या माळेसारख्या एकमेकींना लटकलेल्या. दिवसभर अंग चाटून यानं सगळी लव पोटात घातली होती, पोट तुंबत चाललं होतं.

ती कापश्याला घेऊन तशीच जनावरांच्या दवाखान्यात गेली. म्हशीवाल्यांच्या रांगेतून एकजण खिदळला, "मावशी, कापायचा का पाळायचा?"

"तुझी म्हैस कापायची का पाळायची, ते सांग आधी," म्हणून ती त्याच्या पुढं घुसली.

डॉक्टर दिपाली वयानं लहान, पण हसल्या नाहीत. पोट चाचपलं, औषध दिलं आणि बजावलं, "पुन्हा पाणी घालायचं नाही. कातर तर नाहीच, कातडी कागदासारखी पातळ असते. हात ओला करून सुटलेली लव रोज काढा, म्हणजे पोटात जाणार नाही. वाळलेलं गवत भरपूर, पाणी समोर पाहिजेच. आणि रोग नाही हो हा. ऋतू बदलला की ससा अंगावरची लव बदलतो."

"रोगच न्हाई?"

"नाही."

हे ऐकून तिला हायसं वाटायला पाहिजे होतं. वाटलंही. पण त्याच्या दुप्पट राग आला. रोग नव्हता, अपराध नव्हता, नुसती लव गळली म्हणून जीव कुत्र्यांच्या तोंडी द्यायला निघाले होते! एक फोन करून कुणाला विचारलं असतं तर काय झिजलं असतं?

मग रोज सकाळ-संध्याकाळ ओला तळवा कापश्याच्या पाठीवरून फिरू लागला. निघालेली लव तिनं टाकली नाही. धनगराच्या घरात लव कुणी टाकत नाही. ती एका पिशवीत साठत गेली. तिसऱ्या दिवशी सुटी, गोल, टपोरी लेंडी पडली तेव्हा तिनं सटवाला हाका मारून बोलावलं आणि दोघं खोक्यावर वाकून ती लेंडी बघत बसले. "लई झ्याक," सटवा हळूच म्हणाला. तिनं खोका त्याच्यापासून स्वतःकडं ओढून घेतला. बादली ती अजून विसरली नव्हती.

महिनाभरात नवी लव आली, दाट आणि मऊ. ही बातमी बंगल्यावर पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी साखराबाई कामाला न जाता घरीच होती, तेव्हा दारात गाडी उभी राहिली आणि सत्यशीलाबाई उतरल्या.

"अगंबाई, किती छान दिसतोय! चल, दे आमचा ससा. रविवारी नातवाचा वाढदिवस आहे, फोटोग्राफर येणार आहे."

साखराबाई आत गेली. सटवानं कपाळाला हात लावला, ही आता देते की काय! ती आली तेव्हा तिच्या हातात ससा नव्हता, लवेनं गच्च भरलेली पिशवी होती. ती तिनं बाईंच्या हातात ठेवली.

"ह्यो घ्या तुमचा ससा, बाईसाहेब. ही लव तुमच्या घरची, सगळी हाय, एक केस ठिवला न्हाई. आता अंगावर हाय ती माझ्या दारात आली."

"उद्यापासून कामाला येऊ नकोस," बाई लाल होऊन म्हणाल्या.

"आज तरी कुठं आले?"

गाडी वळली. घाईत काच उघडीच राहिली होती, आणि पिशवीचं तोंडही. विजयसिंहांच्या नव्याकोऱ्या गाडीभर पांढरी लव उडताना साखराबाईनं डोळे भरून बघितली, आणि मग हात ओला करायला पाण्याच्या घागरीकडं वळली.