उतरंड आणि उजवी मांडी

पावसाळा लागला की आमच्या घरातलं चाक भिंतीला टेकून उभं राही. आम्ही नाशिकचे कुंभार. ओल्या हवेत मडकं वाळत नाही, आणि न वाळलेलं मडकं आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, घातलं तर फुटतं. तेव्हा ते महिने हात बांधून बसायचं. त्यातून गावात पितळेच्या कळशा घरोघर झालेल्या. उन्हाळ्यात माठ, नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या आणि मयताला मडकं, एवढ्यावर आमचं वर्ष निघायचं. पाऊस सुरू झाला की आई आणि माझी थोरली बहीण आक्का दुसऱ्याच्या शेतात निंदायला जात आणि येताना बांधावरची पालेभाजी पदरात घेऊन येत. बा उंबऱ्यात बसून आभाळाकडे बघत राही.

आक्काचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता. ती माहेरी आली आणि माझ्या वाट्याची माती तुडवू लागली. मडक्याची माती भिजवून पायांनी तुडवावी लागते. ते काम खरं तर घरातल्या मुलग्याचं. पण मी शाळेत होतो. पुढे मी कॉलेजात गेलो आणि बी.ए. झालो. हे मी छाती पुढे काढून सांगतो, कारण आमच्या आळीत माझ्याआधी मॅट्रिक झालेलाही कोणी नव्हता.

पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाच्या हिवाळ्यात हुतुतू खेळताना एक धिप्पाड गडी माझ्या उजव्या गुडघ्यावर पडला. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. त्या सुटल्या तेव्हा गुडघा चालायला लागला होता, पण मांडी वाळून गेली होती. डावी मांडी माणसाची आणि उजवी बगळ्याची, असं आक्का म्हणाली. मी हसलो नाही.

हसण्यासारखं नव्हतंच. निकाल लागल्यावर मी जंगल खात्यातल्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली. पुढे दोन गोष्टी होत्या, दोन्ही दिवाळीनंतर. आधी सिव्हिल सर्जनची तपासणी, आणि तीत पास झालेल्यांनी पेठ गावाच्या वाटेवर डोंगरात दिवसभर चालून मावळतीच्या आत ठरलेलं नाकं गाठायचं. येत्या हिवाळ्यात मी पंचविशी ओलांडणार होतो. मी शाळेत गेलो तोच उशिरा. पंचविशीनंतर सरकार नव्या माणसाला घेत नसे. म्हणजे एवढी एकच खेप. ही वयाची गोष्ट मी घरात कोणालाच सांगितली नाही.

तपासणीत लंगोटावर उभं करतात हे मला ठाऊक होतं. धोतराखाली झाकलेली मांडी तिथे उघडी पडणार. तेव्हापासून रस्त्याने जाताना मी माणसांची तोंडं बघायची सोडून मांड्या बघू लागलो. हमाल, टांगेवाले, गोदावरीवर, म्हणजे आमच्या गंगेवर, धोतर खोचून उभे असलेले गृहस्थ. सगळ्यांचे दोन्ही पाय सारखे. झोपेतून जाग आली की पहिला हात उजव्या मांडीवर जाई. काल होती तेवढीच आहे, की अजून कमी झाली?

मी तालमीत गेलो. वस्तादांनी माझी मांडी चिमटीत धरून बघितली, बाजारात वांगं दाबून बघावं तशी.

“बैठका मार,” ते म्हणाले. “दुसरं औषध नाही.”

मी मारल्या. खाली बसताना गुडघ्यात कट् असा आवाज आला आणि दुसऱ्या दिवशी तो फुगला. आठवडाभर मी भिंत धरून चाललो. धर्मादाय दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी गुडघा हलवून पाहिला आणि हातच जोडले.

“बैठका बंद. गुडघा पुरता मोडून त्याच्यावर वजन घ्याल तर कायमचे लंगडाल. पण मांडी मात्र भरली पाहिजे, नाहीतर हा गुडघा सांभाळणार कोण?”

“मग ती भरायची कशी?”

“गुडघा सरळ कोण करतं? मांडीच करते ना? मग बसा आणि पाय सरळ करा. पायाला काही जड बांधा. पाणी असेल त्यातून चाला, पायऱ्या चढा. फक्त उकिडवे बसू नका.”

मी परत जाऊन वस्तादांना हे सांगितलं. तालमीतली पोरं फिदीफिदी हसली. वस्ताद म्हणाले, “बैठकीवाचून मांडी? अरे, कुंभाराचा ना तू? माती तुडवल्यावाचून मडकं होतं का तुमच्याकडे?”

मी मान खाली घालून घरी आलो. वस्तादांचं बोलणं मनाला लागलं होतं, पण त्याहून डॉक्टरांचं मनात घोळत होतं. पायाला जड काय बांधायचं? आमच्या घरात जड म्हणावं असं होतं काय? स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आईची उतरंड होती. खाली घागर, तिच्यावर मडकं, मग गाडगं, लोटकं आणि सगळ्यात वर बोळकं. मी बोळकं उचललं, पाण्याने भरलं, शिंक्यात ठेवलं आणि शिंकं उजव्या घोट्याला अडकवून ओट्यावर पाय सोडून बसलो. पाय सरळ करायचा, थोडा धरायचा, सावकाश खाली आणायचा.

आई शेतातून आली ती दारातच थांबली.

“माझी उतरंड मोडून पायाला बांधतूस व्हय रे? डाळीचं बोळकं हाय त्ये!”

“डाळ कुठे होती त्यात?”

“नव्हती,” आई म्हणाली. “पन डाळीचंच हाय.”

दुसऱ्या दिवशी आक्काने माझी चूक दाखवली. कोरं मडकं पाणी पितं आणि झिरपतं. मी वजन उचलतोय असं समजत होतो आणि वजन ओट्यावरून ओघळून अंगणात चाललं होतं. मी कुंभाराचा पोरगा, आणि हे मला सुचू नये! मग गंगेवरची वाळू आणली. बोळकं हलकं वाटू लागलं की लोटकं, लोटकं सोसलं की गाडगं. अशी मी ती उतरंड वरून खाली उतरत गेलो. पाऊस वाजत असायचा, उंबऱ्यात बा आणि ओट्यावर मी.

मांडी मोजायला आक्काने बाचा दोरा घेतला. चाकावरून तयार मडकं कापून उतरवायचा तो बारीक दोरा. डाव्या मांडीला गुंडाळून तिने गाठ मारली. उजवीला गुंडाळला तेव्हा ती गाठ तीन बोटं पुढे गेली.

गणपती बसले त्या सुमारास पुन्हा मोजलं. मला खात्री होती. मांडी हाताला टणक लागत होती, घट्ट झाली होती. दोरा उजवीला गुंडाळला तर खरोखरच तो आधीपेक्षा जास्त लागला. मी “बघ!” म्हणालो. आक्काने तो डावीला गुंडाळला. तीही भरली होती. फरक तीनच बोटांचा.

“ओ बी.ए.,” ती म्हणाली, “तू दोन्ही पायांना शिंकं लावत हुतास?”

“मग? एकाच बाजूला हात लावून कसं चालेल?”

हे मी अगदी मनापासून म्हणालो. चाकावर बसलेला माणूस मडक्याला चोहोबाजूंनी सारखा हात लावतो. एका अंगाला जास्त लावला की मडकं वाकडं झालंच. हे लहानपणापासून डोळ्यांनी बघितलेलं, ते अंगात इतकं मुरलेलं की वाळलेला पाय आणि धडका पाय या दोघांना मी रोज सारखंच वजन दिलं.

“आरं, पन ह्ये मडकं आधीच वाकडं हाय ना,” आक्का म्हणाली आणि हसू लागली. दिवाळी किती जवळ आली होती! एवढे दिवस फुकट गेले, आणि आता वेळ उरलाच नाही, असं वाटून मला त्या दिवशी भाकरी गेली नाही. आक्का का हसते आहे, हेही कळेना. मग चिडून मी तिला वयाची गोष्ट सांगून टाकली. तिने दोरा गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, “डाव्या पायाचं शिंकं सोड.”

पाऊस ओसरला. घटांचं काम आलं, आणि अंगणात मातीचा ढीग भिजला. आक्का लुगडं खोचून त्यात उतरली, आणि तिचे पाय मी पहिल्यांदाच नीट पाहिले. पोटऱ्या दगडासारख्या, मांड्या भरलेल्या. ही बाई जन्मात एकही बैठक मारायला गेली नव्हती. वस्तादांनी मला टोमणा म्हणून जे विचारलं होतं, ते माझ्या अंगणातच पडलेलं होतं. चिखल पाय ओढून धरतो, तो मांडीने वर खेचावा लागतो, पुन्हा रोवावा लागतो. गुडघा अर्धाच वाकतो. उकिडवं बसण्याचा प्रश्नच नाही.

“आक्का, बाहेर ये,” मी म्हणालो.

बा बाजारात गेला होता, म्हणून माझी हिंमत झाली. पहिल्याच पावलाला वाटलं, गुडघा पिळला. मग पाऊल न वळवता सरळ वर काढायची युक्ती जमली. मी घामाघूम होऊन तुडवत होतो आणि बा दारात उभा होता. तो कधी आला, कळलंच नाही.

“भायेर हो,” बा म्हणाला.

“बा, याने मांडी भरते.”

“भायेर हो म्हनतो ना! ह्यातच घालायचा व्हता तर तुला शाळेत कशाला घातला? आळीतले काय म्हनतील? कुंभाराचं पोरगं बी.ए. झालं आन् फिरून चिखलात आलं.”

“फिरून यावं लागू नये म्हणून आलोय,” मी म्हणालो.

बाने आक्काकडे बघितलं. आक्का म्हणाली, “बा, ही खेप हुकली तर त्याला कुनी घ्यायचं नाय. वय संपतंय त्याचं.” बा मग आत गेला, पाण्याची घागर आणून चिखलावर ओतली आणि म्हणाला, “मधे नको नाचू. कडंनं आत ये.”

त्यानंतर घटांची आणि पणत्यांची सगळी माती मीच तुडवली. त्या दिवाळीत आमच्या आळीने दारोदार विकलेल्या पणत्यांपैकी बऱ्याच पणत्यांची माती एका बी.ए.च्या पायाखालची होती. पूर उतरल्यावर मी गंगेत मांडीभर पाण्यातून ओढीच्या उलट चालत असे. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका विचारत, “काय हरवलं का हो?” मी “हो” म्हणायचो. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायचो. चढताना बरं असे. उतरताना गुडघा कुरकुर करी, आणि ती कुरकुर मला थेट पोटात ऐकू येई.

तपासणीच्या आदल्या दिवशी आक्काने दोरा लावला. तीन बोटांचं एक बोट झालं होतं.

सिव्हिल सर्जन साहेबांना ते एक बोट लगेच दिसलं. टेप दोन्ही मांड्यांना लावून ते म्हणाले, “पायाला काय झालं होतं?”

मी खरं ते सांगितलं.

“दोन-चार बैठका मारून दाखवा.”

एवढ्या महिन्यांत जी गोष्ट केली नाही, नेमकी तीच. मारली आणि गुडघ्यात कट् वाजलं तर? नाही मारली तर? क्षणभर खाली बसायला मी पाय फाकवलेही. मग सरळ उभा राहिलो.

“साहेब, बैठक मारणार नाही. डॉक्टरांनी मना केली आहे. रानात बैठका मारायच्या नाहीत, चालायचं आहे. चढायला सांगा.”

उमेदवार असं बोलत नसतात. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. कोपऱ्यात एक उंच स्टूल होतं. “त्याच्यावर चढा. उजवाच पाय. हात लावायचा नाही.”

मी उजवा पाय ठेवला आणि वर उभा राहिलो. “पुन्हा,” ते म्हणाले. मी पुन्हा चढलो. “पुन्हा.” मांडी थरथरत होती, पण चढत होती. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं. पास की नापास, ते बाहेर शिपायाने सांगेपर्यंत मी सदऱ्याची बटणं चुकीच्या काजात घालत बसलो होतो.

पास.

पेठच्या वाटेवरच्या चालीत मी पहिला आलो नाही. अवकाळी सर येऊन गेली होती आणि रस्ता सोडून रानात शिरल्यावर काळ्या मातीने बुटांना धरलं. इतर उमेदवार तिला शिव्या देत होते. मी बूट काढून गळ्यात अडकवले आणि कडेकडेने बऱ्याच जणांच्या पुढे निघालो. पुढे घाट उतरताना गुडघा दुखू लागला, तेव्हा ज्यांना मागे टाकलं होतं तेच पुढे निघून गेले. उन्हं कलली तशी मला धाप लागली. धाप चालण्याची होती की भीतीची, ते मलाच कळत नव्हतं. ठरलेल्या नाक्यावर मी दिवस मावळायच्या आत पोहोचलो. माझ्या मागे अजून दोघे होते.

मला जागा मिळाली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी होतोच, पहिला सरकारी नोकरही मीच झालो. उजवी मांडी डावीपेक्षा आजही एका बोटाने बारीक आहे. पुढचा पावसाळा आला तेव्हा चाक नेहमीसारखं भिंतीला टेकलं, पण आई आणि आक्का दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेल्या नाहीत.