खंडेनवमीला न सुटलेला बोल्ट

खरं सांगायचं तर त्या नवरात्रात माझी श्रद्धा पार थकली होती. यजमानांना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले होते. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली, बोलणं जवळजवळ बंद. गोळ्या, व्यायाम, जेवण, सगळ्याचे तक्ते मी भिंतीवर लावले होते आणि एक दिवसही चुकवला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना स्वतःला काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे." आणि यांना काहीच नको होतं. दिंडोशीतल्या आमच्या वसाहतीमागच्या गावदेवीला मी रोज दिवा लावायचे, पण तेही उरकायचं एक काम झालं होतं.

आठव्या माळेला हे अचानक म्हणाले, "गाडी." आठ महिन्यांत स्वतःहून मागितलेली पहिली गोष्ट! दरवर्षी अष्टमीपर्यंत ते आपली जुनी मोटरसायकल साफ करत, खंडेनवमीला पाने-पकडी पूजेला मांडत आणि दसऱ्याला हार घालून गाडी सुरू करत. यंदा ती पावसाळाभर पार्किंगमध्ये उभी होती, बॅटरी मेलेली. ही संधी हातची गेली तर हे पुन्हा काही मागतील की नाही, या धास्तीने मी कामाला लागले. नवमीच्या सकाळी नवी बॅटरी आणली, यांना चाकांच्या खुर्चीतून खाली आणलं आणि पाना हातात घेतला.

बॅटरी सीटखाली. सीट धरणारा एक बोल्ट निघाला, दुसरा गंजून जाम. मी पकडीने जोर लावला, ती निसटली, बोल्टचे कोपरे झिजले, माझी बोटं सोलवटली. गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "काकी, आज खंडेनवमी ना! हत्यारं पूजेला बसलीत. आज पान्याला हात नाही लावणार." मी फोन ठेवला. यांनी मान भिंतीकडे फिरवली होती. मी तिथेच फरशीवर बसले आणि मनात म्हटलं, आई, आता माझ्याच्याने होत नाही.

तेवढ्यात एक कोळीण रिकामी पाटी घेऊन आत आली. आमच्या नेहमीच्या मावशी नव्हेत, या बाईंना मी कधीच पाहिलं नव्हतं. प्यायला पाणी मागितलं, पिऊन झाल्यावर गाडीकडे बघत म्हणाल्या, "काय गो बाय, कुस्ती खेळतेस काय तिच्याशी?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या. "आमच्या होडीचं मशीन खाऱ्या पाण्यात रोज जाम होतं. जोर केलास तर मुंडी तुटेल. तेल सोड आणि गप बस. आणि आज हत्यार उचललंसच कसं तू? हत्यारांनाही एक दिवस विसावा असतो गो!" मग यांच्याकडे वळून, "काय दादा, बायकोला राबवताय आणि तुम्ही राजे बसलात? सांगा की जरा!"

हे हसले. वेडंवाकडं, अर्ध्याच तोंडाने, पण हसले.

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी ऐकलं नसतं. त्या दिवशी वाद घालायचंही त्राण नव्हतं. बोल्टच्या खाचेत तेल सोडलं, पाने पुसून पाटावर मांडले, हळदकुंकू, फूल वाहिलं. संध्याकाळी आणि सकाळी उठून पुन्हा तेल सोडलं, इतकंच.

दसऱ्याला आम्ही खाली आलो. बोल्टवर हातोडीने हलके ठोके दिले, पकड घट्ट बसवली आणि सोडवण्याच्या दिशेने ओढणार, इतक्यात मागून आवाज आला, "आधी... आवळ." मी थांबले. "थोडं," हे म्हणाले आणि खुर्चीतून पुढे वाकून त्यांनी मिटलेली उजवी मूठ माझ्या हातावर टेकवली. मी केसभर आवळलं, मग उलट फिरवलं. कर्र आवाज झाला आणि बोल्ट हलला. नवी बॅटरी बसवली आणि गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. हे रडत होते. मीही.

त्या कोळीणबाई मला पुन्हा दिसल्या नाहीत. दोन-तीनदा मासळीबाजारात विचारलं, कुणाला ओळख पटेना. त्या कोण होत्या याचा निवाडा करायला मी बसत नाही. एवढंच मनात येतं, की नवरात्रात आमच्या इमारतीत मासळीवाली सहसा फिरकतही नाही.

यांचं बोलणं अजून तुटकच आहे आणि मी अजूनही थकते. पण पूर्वी व्यायामाच्या वेळी मी आकडे मोजत त्यांची बोटं ओढून उघडायचे. आता तो हात मांडीवर घेऊन नुसती चोळत बसते. करायचं ते करावं आणि उघडणं देवीवर सोडावं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. परवा करंगळी आपली आपण सुटली. मी गावदेवीच्या दिशेने हात जोडायला गेले, तर माझं बोट त्यांनी धरून ठेवलं होतं. मग एकाच हाताने नमस्कार केला.