खाडीकाठचे मूलभूत हक्क

कप आधी टेबलावर ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एका सद्गृहस्थाने अख्खा घोट माझ्याच सदऱ्यावर उडवला होता. हसायला माझी हरकत नाही. फक्त मधुरासमोर हा विषय काढू नका. सूनबाईंचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. नागरिकांचे मूलभूत हक्क हा हातखंडा विषय, डॉक्टरेटही त्यातलीच. पण रस्त्यात साधा हवालदार दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवर! गुन्हा केलेला नसतो हो. पण केलेला असून आठवत नसला तर?

तर इथे जपानात, निशी-कसाईला मुलाकडे आलो तीन महिन्यांसाठी. निखिल आणि मधुरा दोघंही नोकरीवाले. दिवसभर मी करणार काय? आज वाराप्रमाणे कोणता कचरा बाहेर ठेवायचा, याची काळजी तरी किती वेळ करत बसणार? म्हणून निखिलने मला मेटल डिटेक्टर आणून दिला. लांब दांडा, खाली ताटाएवढी गोल चकती, कानाला हेडफोन. वाळूवरून फिरवायचं, 'टीं' झालं की खणायचं. खाडीच्या किनाऱ्यावर त्याला मनाई नाही, हे मधुराने फोन करून विचारून घेतलं होतं. अट एकच. किमती काही सापडलं तर कोबानमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत, नेऊन द्यायचं.

पोलीस चौकीत! म्हणजे छंदाच्या टोकाला शेवटी पोलीसच!

त्यात दोघांनी नुकताच इथे कायम राहण्याचा अर्ज केलेला. निखिल एकदा सहज म्हणाला, "बाबा, वाहतुकीचा दंडसुद्धा नडतो हो यात." तो बोलून विसरला. मी विसरेन? माझ्या मनाने सरळ निकाल देऊन टाकला: आपटे हे नाव पोलिसांच्या कागदावर चढलं, की पोरांचा अर्ज गेला!

काळजी लागलेला माणूस काय करतो? मोबाइलवर व्हिडिओ बघतो. परदेशात माझ्यासारखेच छांदिष्ट आहेत. पोलीस जवळ आले की मोबाइल पुढे धरतात आणि खणखणीत आवाजात सुनावतात, "मी चित्रीकरण करतो आहे! नाव सांगायला मी बांधील नाही! मला अटक झाली आहे का?" आणि पोलीस निमूट परत जातात. वा! मी सगळं पाठ केलं. बाथरूमच्या आरशासमोर तालीमही केली.

"बाबा, कोणाशी बोलताय?" मधुराने दाराबाहेरून विचारलं.

"कोणाशी नाही गं!"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते माझ्याविरुद्ध वापरलं गेलं.

त्या दिवशी निखिल कामासाठी क्योतोला गेला होता आणि मधुरा घरून काम करत होती. "जेवायला येतो," असं सांगून मी निघालो. इथे पाहुण्याने पासपोर्ट सतत जवळ बाळगायचा असतो. मी तो घरी ठेवला. वाळूत पडला तर? मोबाइलच्या लहरींनी यंत्र उगाच किणकिणतं, म्हणून विमानात बसल्यावर करतो तसं मोबाइलचं नेटवर्कही बंद केलं. कॅमेरा तेवढा चालू. हक्कांसाठी!

आणि मग वेळेचं भानच राहिलं नाही. बाटल्यांची झाकणं, एक वाकडा चमचा, पुन्हा झाकणं. जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती.

इथे गल्लोगल्ली खांबांवर भोंगे आहेत. संध्याकाळी त्यांवर एक गोड धून वाजते, मुलांनी घरी जावं म्हणून. त्या दिवशी भोंगा भलत्याच वेळी बोलायला लागला. कोणा बाईंचा सावकाश, मंजुळ आवाज. माझं जपानी 'आरिगातो'पाशी संपतं. मी हेडफोन बाजूला सरकवून ऐकलं आणि मान डोलावली. काय मार्दव! काय शिस्त!

मग जाणवलं, लोक माझ्याकडे बघतायत.

पळायला आलेला एक तरुण थबकला. कुत्रा फिरवणाऱ्या एक आजी माझ्या खाकी पँटकडे बघायला लागल्या, मग टोपीकडे, मग भोंग्याकडे. आणि लगेच फोन कानाला!

घ्या! गावभर भोंग्यावरून सांगितलंय, एक परदेशी म्हातारा किनारा खणतोय म्हणून! मी यंत्र काखोटीला मारलं आणि सुटलो. कुठे? घराच्या बरोबर उलट्या दिशेला. घाबरलेल्या माणसाला कसली आलीय दिशा!

समोरून सायकलवर दोन पोलीस. एक वयस्कर गृहस्थ आणि एक तरुण पोलीसबाई. दोघंही उतरले आणि कमरेत वाकले. माझा हात मात्र तालीम केल्याप्रमाणे वर गेला.

"मी चित्रीकरण करतो आहे!" मी इंग्रजीत ओरडलो.

कॅमेरा बघून त्या वयस्कर गृहस्थांनी कॉलर नीट केली. बाईंनी टोपी सरळ केली. दोघंही फोटोला उभे राहावेत तसे शेजारीशेजारी ताठ!

"आपलं नाव?" बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"सांगायला मी बांधील नाही."

"घर कुठे?"

"माझं इथे घर नाही." खोटं आहे का सांगा? घर निखिलचं!

बाईंनी सोबत्याकडे बघितलं. मग अगदी हळू विचारलं, "आज वार कोणता?"

मी ओळखलं. अटकेची नोंद करायला वार हवाय! गप्प बसायचं ठरवलं होतं. पण जन्मभर परीक्षा घेतलेला माणूस मी, प्रश्न आला की उत्तर तोंडातून निसटतंच. आणि निवृत्त माणसाला इथे वार कशावरून कळतो? कचऱ्यावरून!

"बाटल्यांचा," मी म्हणालो.

दोघांनी एकदमच मान हलवली. किती हळुवार, काय सांगू! बाईंनी माझा कोपर धरला. वयस्कर गृहस्थांनी यंत्र उचलून घेतलं आणि रस्त्याकडेच्या नाणी टाकायच्या मशीनमधून गरम चहाचा कॅन काढून दिला. मी नाकारला. ताब्यात असताना काही घेऊ नये. मग घेतला. थंडी होती हो!

निदान पुरावा तरी पक्का असावा, म्हणून चालता चालता मोबाइलला मराठीत सांगायला लागलो, "मी प्राध्यापक आपटे, मला बळजबरीने नेत आहेत..."

"आपुते-सान?" बाई आनंदाने चित्कारल्या.

यांना माझं नाव आधीच माहीत आहे! म्हणजे फाइल उघडली! म्हणजे निखिलपर्यंत पोचले!

कोबानमध्ये मला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली. आणि तेवढ्यात दारात मधुरा. एका पायात बूट, एका पायात घरातली सपात. केस विस्कटलेले. चेहरा पांढराफटक.

मी झटकन विचार केला. काय वाट्टेल ते होवो, पोरांचं नाव यात येता कामा नये. म्हातारा तुरुंगात गेला तरी चालेल. अर्ज वाचला पाहिजे!

"या तुमच्या घरच्या?" बाईंनी विचारलं.

मी मधुराकडे नीट बघितलं आणि ठामपणे म्हणालो, "या बाईंना मी आयुष्यात कधी पाहिलेलं नाही."

पोलीसबाईंनी मधुराच्या खांद्यावर हात ठेवला. मधुराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मी तिला डोळा मारला. तिला वाटलं, झटका आला!

"बाबा, मी मधुरा! ओळखा ना हो बाबा!"

"ओळखतोय गं!" मी मराठीत दबक्या आवाजात म्हणालो. "पण तू मला ओळखू नकोस! अर्ज जाईल तुमचा!"

ती रडायची थांबली. माझ्याकडे बघत राहिली. आणि मग जे काही बोलली, ते मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगतो, पोलीसबाईंना भाषा कळत नसूनही त्या दोन पावलं मागे सरकल्या.

उलगडा झाला तो असा. मी जेवायला आलो नाही, फोन लागेना, रक्तदाबाची गोळी तशीच डबीत. मधुराने घाबरून कोबान गाठलं. "अलीकडे एकटेच बोलतात," हेही सांगून टाकलं. आणि भोंग्यावरच्या त्या मंजुळ बाई सांगत होत्या मीच हरवल्याचं: खाकी पँट, राखाडी टोपी. आणि मी मान डोलावत होतो!

परतताना ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. शेवटी मीच धीर केला.

"अर्जाचं काय गं?"

"सासरे हरवले म्हणून कोणाचा अर्ज फेटाळत नाहीत, बाबा." मग म्हणाली, "पण तुम्ही ओळखत नाही म्हणालात ना, तेव्हा अर्जबिर्ज काही आठवत नव्हतं मला."

मी तिच्या सपातेकडे बघत चाललो.

इतक्यात भोंगा पुन्हा बोलायला लागला. मधुराने ऐकलं आणि पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला.

"तुमचंच आहे. 'हरवलेले सुमारे ऐंशी वर्षांचे गृहस्थ सुखरूप सापडले. सहकार्याबद्दल आभार.'"

"ऐंशी? मला पंचाहत्तरावं चालू आहे! ही बदनामी आहे!"

"मग काढा व्हिडिओ!"

त्यानंतर मला एकटं सोडायचं की नाही, यावर निखिलने क्योतोहून फोनवर सभा घेतली. ठराव असा झाला की छंद चालू राहील, पण मी कुठे आहे ते मधुराच्या मोबाइलवर दिसेल असा एक बिल्ला माझ्या बुटाच्या तळाशी बसवायचा. बसवला.

परवा पुन्हा किनाऱ्यावर गेलो. यंत्र फिरवलं आणि पहिल्याच फटक्याला 'टीं!' आवाज असा खणखणीत, की आयुष्यात ऐकला नव्हता. खणलं. काही नाही. एक पाऊल पुढे, पुन्हा 'टीं!' पुन्हा खणलं. जिथे जाऊन उभं राहावं तिथे खजिना! घामाने निथळलो. किनाऱ्यावर खड्डेच खड्डे. शेवटी दमून एका खड्ड्याच्या काठावर पाय पसरून बसलो, चकती बुटांवर टेकली, आणि यंत्र नुसतं बोंबलत सुटलं.

तेव्हा प्रकाश पडला. या किनाऱ्यावर हरवल्याची दवंडी पिटली गेली होती ती एकाच वस्तूची. यंत्र बिचारं पहिल्या फटक्यापासून तीच दाखवत होतं. डॉक्टरेट झालेला माणूस मात्र तिच्या आजूबाजूला खणत बसला होता.