नागोजीचा घाम

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. नागोजीला तर नाहीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — ओळखत असतात तर हवापाण्यावर बोललो असतो.

नव्वदच्या दशकात बेंगळूरजवळ के. आर. पुरमला आमचा लहानसा कारखाना होता. आमचा म्हणजे मालकांचा. ‘आमचा’ म्हणायची खोड अजून जात नाही. तिथे खिशात मावतील असे टॉर्च बनत. मी खरेदी बघायचो, नागोजी जुळणी. दोघेही बेंगळूरच्या जुन्या मराठी घरांतले. तो मला अण्णा म्हणायचा आणि माझं सगळं खरं मानायचा — हे दुसरं लक्षात ठेवा.

प्लॅस्टिकचे टॉर्च जाऊन धातूचे करायचे ठरलं. धातू कोणता? नागोजी म्हणाला, अॅल्युमिनियम घ्या, काळं ॲनोडाइझ केलेलं. त्याचा थर वरून फासलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो, सहसा निघत नाही. बरोबर होतं त्याचं. पण मी सगळ्यांदेखत बोलून बसलो होतो की अॅल्युमिनियम डब्याला ठीक, सभ्य माणसाच्या खिशात पितळच हवं, वर निकेलचा चकचकीत मुलामा. नुसतं बोललो नव्हतो — पितळी नळ्यांची ऑर्डरही देऊन मोकळा झालो होतो. आता मागे कसं फिरायचं?

मालकांची परीक्षा साधी असायची. दोन्ही नमुने किल्ल्या आणि चिल्लरीसोबत खिशात बाळगायचे, आधी मी, मग नागोजीने, आणि शेवटी काय उरतं ते बघायचं.

इथे मला कैरीबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात बसवनगुडीच्या कोपऱ्यावर गाडीवाला कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून द्यायचा. डॉक्टरांनी आंबट बंद केलेलं, आई पाळतीवर. म्हणून कागदाची पुडी मी पँटच्या खिशात दडवायचो. कोणत्या खिशात? — हो, त्याच.

काही आठवड्यांनी निकेलचा टॉर्च बाहेर काढला तर त्याला देवी आल्यासारखे डाग. अॅल्युमिनियमचा मात्र त्याच खिशात, त्याच कैरीच्या सहवासात राहून जसाच्या तसा. तेव्हाच मालकांकडे जाऊन खरं सांगायला हवं होतं ना? मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि दंतमंजन घेऊन तो टॉर्च घासत बसलो. झकास चमकला. इतका, की मीच घाबरलो — पांढऱ्या चकाकीखालून पिवळं डोकावत होतं. मुलामा मी घासून पातळ केला होता. तसाच रुमालाने पुसला आणि हसत हसत नागोजीच्या हवाली केला.

त्याच्या खिशात त्याला हिरवे ठिपके आले. येणारच होते. मालकांनी दोघांना बोलावलं, टॉर्च टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. आणि मी — कोणी विचारलंही नव्हतं हो — मी म्हणालो, “काही जणांचा घामच तसा असतो, सर.”

हे अगदी खोटंही नाही, हाच त्यातला पाजीपणा. लोखंडाला गंज चढवणारे हात असतात, फिटर लोकांना विचारा. मालकांचा चेहरा खुलला. मालात दोष नाही, माणसात आहे. नळ्या परत करायला नकोत. नागोजी आपल्या तळव्यांकडे बघत राहिला.

“सरी अण्णा,” तो हळूच म्हणाला — कानडी ‘सरी’, म्हणजे बरं. “मला ठाऊकच नव्हतं.”

संशय? छे. संशय घेतला असता तर मी आज इतका वाईट ठरलो नसतो.

मग हातमोजे आले. बोटांच्या नुसत्या स्पर्शाने स्प्रिंग बसवणारा हा माणूस मोजे घालून चाचपडायला लागला, म्हणून त्याची जुळणीवरून पॅकिंगमध्ये रवानगी झाली. मोज्यांत घाम आणखीच सुटायचा. त्याच्या आईने घाम गोड व्हावा म्हणून धन्याचं पाणी सुरू केलं, मग कारलं, मग दोन्ही. देवाच्या चांदीच्या समया पुसायचं त्याचं काम तिने भावाकडे दिलं. हे सगळं तो मला जेवणाच्या सुट्टीत सांगायचा, आणि मी — लाज वाटते सांगायला — मी त्याला सल्ले द्यायचो. कारल्यात मीठ कमी घाल म्हणालो होतो.

पुढे दुकानांतून हिरवे पडलेले टॉर्च परत यायला लागले. आता तरी उघड होईल असं वाटलं. पण मालक म्हणाले, नागोजीने पॅकिंग करताना मोजे काढले असणार. मी मान डोलावली. शेवटी मीच अॅल्युमिनियम सुचवलं, काळं ॲनोडाइझ केलेलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. सर्वांत आधी नागोजीने — मोज्यासकट.

पण त्यासाठी मी लिहायला बसलो नाही. लिहायला बसलो ते माझ्या लग्नासाठी.

आमच्या इकडे मंगळसूत्र घालण्याआधी ते ताटात नारळावर ठेवून मांडवात फिरवतात. ज्याने त्याने हात लावून आशीर्वाद द्यायचा. माझी आत्या ताट घेऊन फिरत होती. नागोजी पहिल्या रांगेत बसला होता, नवा सदरा, केस चापून बसवलेले. मांडवाच्या कामात सकाळपासून राबलेला. आत्याने ताट पुढे केलं तसे त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“नको अक्का,” तो म्हणाला. “काळं पडेल.”

आत्याला काही कळेना. ताट तसंच धरून तिने माझ्याकडे बघितलं. नागोजीनेही बघितलं — हसून, जणू माझ्या बायकोचं मंगळसूत्र त्याने वाचवलं होतं. एक शब्द पुरला असता. लाव रे हात, एवढाच.

मी मानेने आत्याला खूण केली — पुढे ने.

ती पुढे गेली.