तहानेची पट्टी

श्रुतीचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते, म्हणून तो ह्यांनी घेतला. श्रुती म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, मिलिंदची, कामातली जोडीदार. ती दवाखान्यातून बोलत होती. ह्यांनी ऐकलं, फोन ठेवला, स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "मिलिंद गेला." मी गॅस बंद केला. तेवढ्यात ह्यांनी साताऱ्याला आपल्या भावाला कळवूनही टाकलं. मग माझ्या मनात काहीतरी आलं आणि मी म्हटलं, ती नेमकं काय म्हणाली ते सांगा. "म्हणाली, दादा जाऊन राहिले." अहो, जाऊन राहिले म्हणजे जात आहेत... गेले नाहीत. इतकी वर्षं नागपुरात काढली या माणसानं, पण पालथ्या घड्यावर पाणी. आमच्याकडे जेवून राहिलो म्हणजे घास अजून हातात आहे, आणि मरून राहिलो म्हणजे अजून जीव आहे. पिठाच्या हातांनीच मी चप्पल घातली.

याला आता काही आठवडे होऊन गेले. भेटायला येणारे म्हणतात, सुटला बिचारा. मी मान हलवते आणि चहा ठेवते. खरं सांगायचं तर मला त्या शब्दाचा कंटाळा आला आहे. मिलिंदला सुटायचं नव्हतं. त्याला खेळ पूर्ण करायचा होता.

आमचं बालपण खापरखेड्याच्या कॉलनीत गेलं, बाबा तिथल्या वीजकेंद्रात होते. पुढे मिलिंद हिंगण्याच्या एका कारखान्यात लागला, कंपनीच्या बसनं पाळीला जायचा. मग किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, नोकरी सुटली. घरी बसून माणूस काय करेल? याने श्रुतीला हाताशी धरून मोबाइलवरचा खेळ बनवायला घेतला. खेळात एक माणूस आहे. मे महिना आहे, बसेस बंद आहेत आणि त्याला हिंगण्याहून खापरखेड्याला आपल्या घरी चालत जायचं आहे. बस, इतकंच. राक्षस नाही, लढाई नाही. वर सूर्य आणि खाली डांबर. डोक्याला दुपट्टा बांधला तर ऊन कमी लागतं, तो ओला केला तर आणखी कमी, पण मग प्यायचं पाणी दुपट्ट्यात जातं. चप्पल झिजते. सावली सरकते. आणि पडद्याच्या कोपऱ्यात तहानेची एक निळी पट्टी सतत उतरत असते. ती संपली की माणूस मेला, पुन्हा हिंगण्यापासून सुरुवात. मी म्हटलं, असला खेळ कोण खेळेल रे? लोक करमणुकीसाठी खेळतात. तर म्हणे, "ताई, उन्हात चालून पाहिलं नाही त्यालेच करमणूक वाटते."

पण लोक खेळले. खेळले म्हणजे कसे, तक्रारी करत करत. खेळात सूचना पाठवायची सोय होती आणि त्या वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण डायलिसिसला बसला की त्याचा एक हात सुयांनी अडकलेला असायचा. मी शेजारी खुर्ची ओढून एकेक सूचना मोठ्यानं वाचायची, तो डोळे मिटून उत्तर सांगायचा, मी टाइप करायची. शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलेली बाई मी, निवृत्तीनंतर हे नशिबी आलं. कोणी लिहायचं, निदान एक बंदूक तरी द्या. मिलिंद म्हणायचा, "लिही. कोणाले मारतं गा, उन्हाले?" कोणी लिहायचं, मध्येच थांबून नंतर तिथूनच सुरू करता यावं. "लिही. ऊन थांबून राहते का?" मी ते जरा सभ्य करून लिहायची. त्याला बरोबर कळायचं. "तू माह्या तोंडात पुणेरी साखर घालून राहिली," म्हणायचा, आणि पलीकडच्या खाटेवरचे काकाही हसायचे.

एकदा मात्र पुण्या-साताऱ्याकडून एकसारख्याच तक्रारी येऊ लागल्या. खेळात म्हणे मोठी चूक आहे, माणूस मेला तरी खेळ संपत नाही. श्रुती कामाला लागली, तिला काही चूक सापडेना. मग मी नीट वाचलं आणि कपाळाला हात लावला. पट्टी अगदी तळाशी गेली की पडद्यावर अक्षरं यायची, 'तू मरून राहिला गा.' इकडच्या माणसाला कळतं की घाई कर, पाणी शोध. तिकडच्यांना वाटायचं, संपलं. ते फोन खाली ठेवून द्यायचे आणि हातात बाटली असलेला त्यांचा माणूस नुसता उभ्या उभ्या मरायचा. मी म्हटलं, 'मरतो आहेस' असं कर, सगळ्यांना कळेल. त्याने ऐकलं नाही. "ज्याले नाही समजत तो विचारंल. विचारलं पाहिजे माणसानं." या एका बाबतीत मी हात टेकले.

विचारण्यावरून आठवलं. खेळात पाणी विकत मिळत नाही, दार वाजवून मागावं लागतं. कोणाला काका म्हणायचं, कोणाला माय म्हणायचं, हे चुकलं तर दार बंद. त्यात काही घरं अशी ठेवलेली की ती पेला देत नाहीत. वरून ओतणार, खाली ओंजळ धरायची, अर्धं पाणी मातीत. एकानं लिहिलं, हे चित्र चुकलंय का, पेला का दिसत नाही? मी वाचलं आणि मिलिंदकडे बघितलं. त्याने डोळे उघडले. आमचे बाबा लहानपणी गावात असंच पाणी प्यायले होते आणि आम्हाला ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. मिलिंद म्हणाला, "लिही, चित्र बरोबर आहे." मीही काही सभ्य वगैरे केलं नाही, तसंच लिहिलं.

सगळ्यात जास्त भांडण पट्टीवरून व्हायचं. फार लवकर उतरते, एवढी तहान कोणाला लागत नाही, खोटं वाटतं. ही तक्रार मी वाचायची आणि समोर मिलिंद ओठांवरून जीभ फिरवत पडलेला असायचा. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून असतं, हे या लोकांना काय ठाऊक? दिवसाची एक छोटी बाटली, त्यातच चहा, त्यातच औषधाचे घोट. नागपुरात राहून संत्रं बंद. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा गालात धरून बसायचा आणि आम्ही सगळे त्याच्यापासून चोरून पाणी प्यायचो. फ्रिजचं दारसुद्धा हळू लावायचो. त्याने मात्र कोणालाही आपल्या आजाराबद्दल लिहू दिलं नाही. "लिही, ऊन बहुत आहे," एवढंच.

खेळाचा शेवट तेवढा राहिला होता. माणूस घरी पोचतो, आई दार उघडते आणि त्याला एक पेला पाणी देते. पट्टी जेमतेम अर्धी भरते. संपलं. मला ते बघवेना. एवढं चालून आला, त्याला पोटभर पाणी तरी पाज. मिलिंद म्हणाला, "घरी आल्यावर तहान संपते, हे कोणं सांगितलं तुले? मग खेळ खोटा होते, ताई." मी म्हटलं, होऊ दे. आमचं चांगलंच वाजलं. दोन भेटींत मी सूचनासुद्धा वाचल्या नाहीत, नुसती बसून राहिले. मग तोच म्हणाला, पाहू.

श्रुतीचा फोन आला त्या दुपारी मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो जागा होता. श्वास जड. आता हातात काही नाही, असं डॉक्टरांनी श्रुतीला सांगून ठेवलेलं. मला बघून म्हणाला, "ताई, पाणी." सवयीनं मी आधी सिस्टरकडे बघितलं. ती म्हणाली, "द्या मावशी, पाहिजे तेवढं द्या." इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते आणि त्याचा अर्थ मला लगेच कळला. मी ग्लास काठोकाठ भरला. मानेखाली हात घालून त्याला उचललं. एक घोट गेला. दुसरा ओठांच्या कडेनं उशीवर आला. "बस," म्हणाला. मी म्हटलं, घे ना रे, आता कोणी मोजत नाही. "नाही वं... तहानच नाही." तो भरलेला ग्लास मी हातात धरून बसले. मला त्या ग्लासाचा इतका राग आला की काय सांगू. संध्याकाळी तो गेला. या वेळी ह्यांना मीच सांगितलं, आणि त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, आणि एका दुपारी श्रुती आली. म्हणाली, "ताई, शेवटाचं काय करू? लोक विचारून राहिले. आणि दादा तर नाही म्हणत होते." नाही म्हणत होता, हे खरंच. मी विचार केला. म्हटलं, त्याचं खरं त्याच्यापाशी. तो ते जगला, त्याला ते शोभत होतं. मी आता थकले आहे बाई, मला खरं नको आहे. आई दार उघडेल, माठ दाखवेल आणि बाजूला होईल. श्रुतीनं विचारलं, "आणि पट्टी?" म्हटलं, काढून टाक.

डायलिसिसच्या वेळेला मी अजूनही घरी खुर्ची ओढून सूचना वाचायला बसते. आता मोठ्यानं वाचत नाही, एवढाच फरक. परवा कोणा अनोळखी माणसाची सूचना आली. 'घरी पोचलो. माठातून पाणी पिऊन राहिलो, पण पाणी संपतच नाही. पट्टीही दिसत नाही. ही चूक आहे का?' मी आधी लिहिलं, आपण कळवल्याबद्दल आभारी आहोत. मग ते पुसलं. आणि लिहिलं, चूक नाही गा. पी.